रेड्याच्या पोटातली चिठ्ठी

४ जानेवारी

चि. धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. आज तो पेनातून उतरत नाही. जागा सोडली आहे, तुझा तू भरून घे.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू दोन वाक्यं ऐकतोस आणि "ताई, मीटिंग आहे" म्हणून ठेवून देतोस. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस ते वाचतोच.

काल पूल बांधणाऱ्या ऑफिसातले इंजिनिअर दुकानात आले. तेच ते, खिशाला चार पेनं लावणारे, ज्यांना तू चौपेनी म्हणायचास. त्यांच्यासाठी आपण बारा वर्कस्टेशन बांधणार होतो. सहा महिने बोलणी चालली होती, मी कॅबिनेटसुद्धा मागवून ठेवली होती, ती माळ्यावर खोक्यातच पडून आहेत. ते बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी बॅगेतून तुमच्या मासिकाची चार पानं काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. वर तुझा फोटो, हाताची घडी, चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू. खाली मथळा, 'डेस्कटॉप की वर्कस्टेशन? खेळ आणि काम, दोन्हींचा निकाल.'

"मॅडम, हा तुमचाच भाऊ ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग दुप्पट किमतीचं मशिन आमच्या गळ्यात का मारत होता?"

गेली बावीस वर्षं मी या टेबलामागे उभी आहे, पण असं मला कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी बारा डेस्कटॉप दुसरीकडून घेतलेसुद्धा. हे सांगायला ते आले, तेवढी सभ्यता त्यांनी दाखवली. तुला तेवढीही सुचली नाही. लेख छापायच्या आधी एक फोन, एक ओळ, काहीही चाललं असतं.

मी चारही पानं वाचली. तुझं शेवटचं वाक्य आता मला पाठ आहे. 'घरच्या खेळापासून ऑफिसच्या अवघड गणितांपर्यंत, एक चांगला डेस्कटॉप प्रोसेसर पुरे. वर्कस्टेशन ही हौस आहे.' हौस म्हणे. ज्या हौसेवर तुझं कॉलेज झालं, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती ही हौस.

फोटोतलं वर्कस्टेशन मी झाकणावरच्या ओरखड्यावरून ओळखलं. आपला रेडाच तो. बाबांनी स्वतः बांधलेला, बत्तीस कोअरचा, म्हणजे एकाच वेळी राबणाऱ्या बत्तीस हातांचा, चालू केला की घोरणारा. शेजारी आपलं हरीण, सोळा कोअरचं डेस्कटॉप. जूनमध्ये भांडून गेलास तेव्हा म्हणालास, "दुकान तुझं, ही दोन जनावरं माझी." मी नेऊ दिली ती. चाचणीची मशिनं होती, चाचण्या तूच करायचास. मला काय माहीत की त्याच रेड्याला चव्हाट्यावर उभं करून तू त्याची अब्रू काढशील.

मला एकच हवं आहे. पुढच्या अंकात चूक सुधारून छाप. चूक कुठे आहे ते तू शोध, मी का सांगू? तक्ते तू केलेस.

बाबा बरे आहेत. हात आता जास्त थरथरतो, स्क्रू लावायला बसतात आणि लावलेला स्क्रू पाडून पुन्हा शोधतात. तुझा लेख मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "भाषा चांगली आहे रे त्याची." मला इतका संताप आला की मी ब्लोअर चालू केला आणि अर्धा तास उगाचच धूळ उडवत बसले.

ताई

१२ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. चार शब्द. 'मोजलं तेच लिहिलं, ताई.' टपाल खात्याचा अपमान केलास.

बरं, मग मोजलेलंच बघू. रविवारी दुकान बंद ठेवून मी तुझे तीन तक्ते आणि आपली जुनी वही शेजारी शेजारी ठेवून बसले. ती वही तुला आठवत असेल, निळ्या कव्हरची, मागच्या पानावर तू माझं चित्र काढलं होतंस, नाकातून धूर येणारं.

पहिला तक्ता खेळांचा. हरीण सेकंदाला एकशे नव्वद चित्रं काढतं, रेडा एकशे पस्तीस. मान्य. इथे मी एक शब्द बोलणार नाही. खेळाला थोडे पण चपळ हात लागतात आणि रेडा चपळ नाही. गेमवाल्या पोरांना वर्कस्टेशन विकू नये हे मी तू शाळेत असल्यापासून सांगते आहे.

दुसरा तक्ता अ‍ॅनिमेशनचा. एकेक चित्र रंगवून काढायचं काम, तिथे हात जितके जास्त तितकं बरं. रेडा हरणाच्या जवळजवळ निम्म्या वेळात मोकळा. हेही बरोबर, वहीतही तेच आहे. तू मात्र ते एका ओळीत उरकलंस, कारण ते तुझ्या मथळ्याला सोयीचं नव्हतं.

आता तिसरा. पुलाचं गणित. हरीण ब्याण्णव मिनिटं, रेडा सत्त्याण्णव. इथे माझं डोकं फिरलं. आपल्या वहीत रेड्याचे एक्कावन्न आहेत. गेल्या वर्षी आपण दोघांनी मिळून मोजलेले, तुझ्याच अक्षरात, खाली तू 'वा रे रेड्या' लिहिलंयस. तोच रेडा, तेच गणित, आणि एका वर्षात तो म्हातारा झाला?

म्हातारा झाला असता तर अ‍ॅनिमेशनमध्येही दमला असता. तिथे तो धडधाकट आहे. म्हणजे हात बत्तीसच्या बत्तीस चालू आहेत, पण हातांना सामान पोचत नाही. भाजी चिरायला बत्तीस जण बसवले आणि टोपल्या आणून द्यायला चौघांऐवजी दोघेच ठेवले की हेच होणार. पुलाचं गणित सगळं रॅमवर चालतं. रेड्यात रॅमच्या चार पट्ट्या आहेत, चारही वाटांनी सामान येतं. मग?

मग मी भिंग घेऊन तुझ्या लेखातला स्क्रीनचा फोटो बघितला. उजवीकडे खाली, बारीक अक्षरात, रॅम किती त्याचा आकडा आहे. चौसष्ट. आणि तुझ्या तक्त्यात छापलंय एकशे अठ्ठावीस. तुझ्याच पानावर तुझाच फोटो तुला खोटं पाडतो आहे आणि तुला पत्ता नाही. की पत्ता आहे?

रेड्यातून दोन पट्ट्या काढून त्याला अर्धपोटी पळवायचं, तक्त्यात मात्र पोटभर दाखवायचं, म्हणजे डेस्कटॉप जिंकतो. समोरच्याच पानावर डेस्कटॉप प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीची पानभर जाहिरात आहे. मला काही दिसत नाही असं वाटलं तुला?

आणि ज्याला तू हौस म्हणालास त्याच्या पट्ट्यांबद्दल एक गोष्ट ऐक. रेड्याची रॅम चुकलेला आकडा स्वतः पकडते आणि दुरुस्त करते. हरणाच्या रॅमला ती सोय नाही. खेळात एक आकडा चुकला तर राक्षसाचा कान हिरवा दिसेल. पुलाच्या गणितात चुकला तर काय होतं ते चौपेनींना विचार.

हे सगळं मी तुझ्या संपादकांना लिहिलं आहे. दोन्ही आकडे, वहीच्या पानाची प्रत, आणि माझा संशयही. पत्र आज सकाळी टाकलं.

ताई

२१ जानेवारी

आता लांबलचक पत्र लिहायला वेळ मिळाला वाटतं. साहेबांनी जाब विचारल्यावर बहीण आठवली.

तुझं म्हणणं मी दोनदा वाचलं. तू लिहितोस, चाचणीआधी रेड्याचं झाकण उघडलं, आतली चिठ्ठी वाचली, शेवटची ओळ बाबांच्या हातची होती, 'रॅम चार पट्ट्या, एकशे अठ्ठावीस', आणि तोच आकडा तक्त्यात उतरवला. स्क्रीनकडे पाहिलंच नाही. 'आपल्या चिठ्ठीवर लिहिलंय म्हटल्यावर मी आणखी कशाला बघू?' असं वर मलाच विचारतोस. माझं पत्र आल्यावर टॉर्च घेऊन बघितलंस तर मोठ्या पंख्यामागे दोन खाचा रिकाम्या. आणि त्या पट्ट्या तू काढलेल्या नाहीत.

चिठ्ठीचा फोटो पाठवलास तेही बरं झालं. बाबांचं जुनं अक्षर, थरथर सुरू व्हायच्या आधीचं. पण मला चिठ्ठी शिकवू नकोस. जो मशिन उघडेल त्याने आतल्या चिठ्ठीवर तारीख, काय काढलं, काय घातलं आणि स्वतःची सही लिहायची, हा आपल्या दुकानाचा एकमेव कायदा. तो बाबा रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हापासूनचा आहे. तू चड्डीत होतास तेव्हा मी त्या चिठ्ठ्या डकवायचे. त्या कायद्याच्या आड लपायची तुला लाज वाटायला हवी होती.

डोळे कुठे होते तुझे? चिठ्ठी चार म्हणते, स्क्रीन दोनचा आकडा दाखवतो, आणि माणूस चिठ्ठीवर विश्वास ठेवून छापून मोकळा होतो? एवढा भाबडा तू कधी होतास? लहानपणी माझ्या हातचं औषधसुद्धा वास घेतल्याशिवाय प्यायचा नाहीस.

रेडा जूनपासून तुझ्या ताब्यात आहे. तुझ्या ऑफिसात आहे. पट्ट्यांना काही पाय फुटत नाहीत. मे महिन्यात इथे त्याला कोणी हात लावल्याचं मला तरी आठवत नाही, मे महिन्यात कामाचा इतका डोंगर होता की जेवायला वेळ नव्हता, रेड्याकडे कोण बघतंय. तेव्हा उत्तर तुलाच द्यायचं आहे, मला नाही.

तू विचारलंस की मी असं तुझ्यावर का उठले आहे. जूनमध्ये गिऱ्हाइकासमोर मी म्हणाले होते की तुझ्या हाताला बाबांचा गुण नाही, फक्त तोंडाला आहे, ते अजून तुझ्या मनात आहे असं दिसतं. असू दे. तेव्हा रागात बोलले होते. आता तूच ते छापून सिद्ध केलंस.

आणि घरात काय चाललंय तेही ऐक, म्हणजे आनंद होईल. संपादकांना पत्र टाकलं त्या दिवशी बाबांनी ते वाचून दाखवायला सांगितलं होतं. मी शब्द न् शब्द वाचला. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, चष्म्याच्या घरात घातला, घराचं बटण लावलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, औषध घेतात, दुकानात येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, पण तोंडातून शब्द नाही. जुन्या चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा काढलाय, एकेक चिठ्ठी वाचतात आणि परत ठेवतात. मी विचारलं, "काय शोधताय?" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी हरवलंय.

कायम तुझीच बाजू. तू काचेची बरणी फोडलीस तरी ओरडा मला, की तू लक्ष का दिलं नाहीस. आता तू दुकान फोडलंस, तरी अबोला माझ्याशी.

ताई

२ फेब्रुवारी

तुझ्या संपादकांचं पत्र आलं. छापील कागद, गोड भाषा. आठ तारखेला ते तुला आणि मासिकाच्या मालकांना समोरासमोर बसवणार आहेत. आकडे फिरवल्याचं ठरलं तर तुला काढतील, आणि कारण अंकात छापतील. म्हणजे पुढे कुठलंही मासिक, कुठलंही दुकान तुला दारात उभं करणार नाही. माझ्या पत्राबद्दल त्यांनी माझे आभार मानले आहेत.

मला वाटलं होतं की हे वाचून बरं वाटेल.

काल तुझ्या बायकोचा फोन आला होता. रडत नव्हती, म्हणून जास्त टोचलं. म्हणाली, "ताई, त्यांनी रेडा ऑफिसातून घरी आणलाय. समोर बसतात. झाकण काढतात, चिठ्ठी वाचतात, झाकण लावतात. दिवसातून चार वेळा. तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी."

मी म्हटलं, "त्याला म्हणावं, चिठ्ठी पाठ झाली असेल तर आता खरं बोल."

ती म्हणाली, "खरंच बोलताहेत ते, ताई." आणि तिने फोन ठेवला. तुझ्या घरातली ही सवय दिसते.

मी अजूनही म्हणते, माझं काही चुकलेलं नाही. इतकी वर्षं बांधलेला शब्द तू चार पानांत

दुकानात कोणीतरी आलंय. अ‍ॅनिमेशनवाली बाई आहे, गेल्या वर्षी आपण मोठं वर्कस्टेशन दिलं ती. मशिन साफ करून हवंय म्हणते. पत्र नंतर पुरं करते.

३ फेब्रुवारी

धाकट्या,

कालचं पत्र अर्धवट आहे, ते तसंच सोबत घातलं आहे. फाडणार होते. मग वाटलं, मी काय काय लिहीत होते ते तुझ्याकडे असू दे.

अ‍ॅनिमेशनवालीचं मशिन मी काल उघडलं. धूळ भरपूर होती, ब्लोअर मारला. पंखा बाजूला केला. रॅमच्या चार पट्ट्या, त्यातल्या दोन पट्ट्यांच्या टोकाला लाल ठिपका. माझ्या नेलपॉलिशचा. चाचणीच्या मशिनांचे भाग विक्रीच्या मालात मिसळू नयेत म्हणून मीच ते ठिपके लावते, आणि तू दरवेळी हसायचास, की ताई, रेड्याला नखं रंगवतेस का.

रेड्याच्या पट्ट्या त्या. मीच काढल्या होत्या. सतरा मे.

बाईंचं मशिन दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, मी शब्द दिला होता. दिवसभराच्या चाचणीत त्यातल्या दोन नव्या पट्ट्या बिघडल्या. पुरवठादाराकडे आठ दिवस माल नव्हता. रेडा शेजारीच घोरत होता. मी त्याच्या दोन काढल्या आणि हिच्यात घातल्या, आणि बाईंना सांगितलं की सगळं कोरं आहे. चिठ्ठीवर लिहिलं नाही. विसरले म्हणून नाही. लिहिलं असतं तर चाचणीचा जुना माल मी गिऱ्हाइकाला नवा म्हणून दिला हे बाबांच्या कायद्याने कायमचं आत डकवलं गेलं असतं. नवा माल आला की गुपचूप बदलू म्हटलं. नवा माल आला, तो दुसऱ्याच मशिनात गेला, मग आपलं भांडण झालं आणि तू रेडा घेऊन गेलास.

आता मला म्हणशील, ताई, एवढं सगळं तू कशी विसरलीस. विसरले नव्हते. फोटोत चौसष्ट दिसलं तेव्हाच सतरा मे आठवला होता. मी तो दिवस रागाने मागे ढकलला. तुझ्यावर जितकं ओरडत गेले तितका तो गप्प बसत गेला. मागच्या पत्रात मी मे महिन्याबद्दल लिहिलंय बघ. तू मे महिन्याचं मला विचारलंच नव्हतंस.

पट्ट्या हातात घेऊन मी बाबांसमोर उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

तीन आठवड्यांनी बोलले. "तू काढल्यास तेव्हा मी या खुर्चीतच होतो. म्हटलंही, चिठ्ठी. तू म्हणालीस, नंतर."

"मग इतके दिवस गप्प का? त्याची नोकरी चालली आहे, बाबा."

"उघडलं कोणी?"

"मी."

"मग मी कसा लिहिणार?"

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. म्हटलं, हा रेडिओ नाही, पोरगा आहे तुमचा. त्यांनी खुर्चीखालून कापडी पिशवी ओढून दाखवली. त्यात त्यांचे दोन सदरे, औषधं आणि सात तारखेचं गाडीचं तिकीट. "सातपर्यंत तुझी वाट बघणार होतो," ते म्हणाले. "नाहीतर मीच जाऊन सांगणार होतो. सांगायला येतं मला. लिहायचं तुलाच होतं." म्हणजे मला नापास व्हायला सातपर्यंत मुदत होती. त्यांचाही राग आलाय मला, अजून उतरलेला नाही. पण खरं सांगायचं तर ते बोलले आणि मी तिथेच खोक्यावर बसले.

अ‍ॅनिमेशनवालीला खरं सांगितलं. कोऱ्या पट्ट्या घालून दिल्या. ती म्हणाली, "अहो, पण इतके महिने उत्तम चाललं, काढता कशाला?" तिला माझा गुन्हाच कळेना. चौपेनींना फोन केला. सांगितलं की पुलाचा तक्ता चुकीचा आहे आणि तो माझ्यामुळे चुकला. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या भावाने खोटं लिहिलं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "आणि तुम्ही?" बारा मशिनं परत येणार नाहीत. ते मला मान्य आहे.

संपादकांना आज पत्र गेलं, सगळं लिहून, माझ्या सहीने. आठला मी स्वतः येते आहे, बाबाही येतात. तुझ्यावर आळ मी घेतला होता, तो त्यांच्यासमोर मीच परत घेईन. तू मध्ये बोलू नकोस. तुला मला वाचवावंसं वाटेल, मला माहीत आहे, तुझा तो मूर्खपणा लहानपणापासूनचा आहे.

आणि म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. स्क्रीनवर चौसष्ट दिसत असताना तू एकशे अठ्ठावीस छापलंस. रेड्याला हौस म्हणालास. चारही पट्ट्या लावून पुलाचं गणित पुन्हा चालव आणि जे येईल ते मासिकात छाप. एक्कावन्न आले नाहीत तर मला सांग, मी येऊन रेड्याला विचारते.

एक गोष्ट मात्र मला सारखी छळते. स्क्रीन एक सांगत होता आणि चिठ्ठी दुसरं, तेव्हा तू चिठ्ठी खरी मानलीस. चिठ्ठी कोण ठेवतं, मीच ना? भांडून गेलास, सहा महिने माझ्याशी फोनवर धड बोलला नाहीस, आणि तरी दुकानातून निघालेल्या कागदावर लिहिलंय म्हटल्यावर डोळे मिटून छापलंस. त्याच वेळी मी तुला चोर ठरवत होते. तुझ्या हाताला बाबांचा गुण नाही असं मी म्हणाले होते, ते खोटं होतं. हे मी इथे लिहिते आहे, सगळ्यांसमोरही म्हणेन.

सोबतच्या डबीत कापसात गुंडाळून दोन पट्ट्या आहेत. लाल ठिपका पुसलेला नाही. आणि ही ओळ, बाबांच्या शेवटच्या ओळीखाली डकवायची. जागा आहे, फोटोत बघितली. दुसरी ओळ मी अर्धीच लिहिली आहे. लावशील तेव्हा तू पुरी कर, मी तुझ्याऐवजी लिहू शकत नाही.

पहिल्या पत्रात सोडलेली जागा तू भरली नसशील तर तशीच ठेव. आठला येऊन मी भरते.

ताई

१७ मे. रॅमच्या चारपैकी दोन पट्ट्या काढल्या. गिऱ्हाइकाच्या मशिनात घातल्या, नव्या म्हणून. कोणाला सांगितलं नाही. उघडणारी: ताई.

फेब्रुवारी. दोन पट्ट्या परत लावल्या. उघडणारा: